देऊळघाटच्या कपाटावरचा ठसा

मी ठसे उचलणारा ब्रश बोलतोय. रंगाऱ्याचा नव्हे, पोलिसांचा. खारीच्या मऊ केसांचा, वीतभर दांड्याचा. बुलढाण्याच्या ठसेतज्ज्ञ प्रतीक्षाताई यांच्या पेटीत राहतो. चोरी झाली की त्या मला काळ्या भुकटीत टेकवतात, अलगद फिरवतात आणि न दिसणाऱ्या बोटांच्या रेषा वर येतात. मग चिकटपट्टीने त्या कार्डावर घ्यायच्या.

पण आम्ही पोचेपर्यंत अख्ख्या घराने सगळीकडे हात लावलेला असतो. काय गेलं ते बघायची माणसाला घाई फार!

देऊळघाटला उत्तमरावांच्या घरीही तेच झालं होतं. घरचे लग्नाला गेलेले. भरदुपारी कपाट फोडून कोणीतरी दागिने नेले.

"घरी कोनी नाही, हे फक्त तिलेच माहीत होतं," उत्तमरावांच्या पत्नी कोकिळाबाई म्हणाल्या.

ती म्हणजे धम्मशीला. अकरा वर्षं त्या घरची धुणी-फरशी करणारी. अंगणात एकटीच उभी होती.

मी कपाटाच्या दारावर फिरलो आणि एक स्पष्ट ठसा वर आला. बायकी, लहानसा. बोट कोणाचं ते माझ्यामुळे कळतं, पण ते तिथं कशाला आलं होतं हे मला कुठं सांगता येतं?

घरच्या सगळ्यांचे ठसे घेतले, तिचेही. बोटांना शाई लावून घेता घेता ती म्हणाली, "ताई, माहे ठसे तं भेटतीनच. रोज मीच पुसतो न ते कपाट."

"भेटू द्या. कुठं भेटतात तेही आम्ही पाहतो," प्रतीक्षाताई म्हणाल्या आणि मला आतल्या लॉकरकडे नेलं. वाकवलेल्या पत्र्यावर एक रुंद अंगठा उमटला.

दारावरचा ठसा धम्मशीलाचाच निघाला. अंगठा मात्र तिचा नव्हता, घरातल्या कोणाचाच नव्हता. नवव्या दिवशी संगणकाने तो जुळवला. जळगाव जामोदकडच्या जुन्या घरफोडीतला माणूस होता. तो सापडला, दागिनेही सापडले.

पुढे देऊळघाटवरून जाताना प्रतीक्षाताई धम्मशीलाच्या दारात थांबल्या.

"गेलात का परत कामावर?"

"मालक येऊन गेले बलवाले. नाही गेलो." ती तूर पाखडत होती. "नऊ दिवस माह्या पोरीसंग शाळेत कोनी बसलं नाही, ताई. ते कोन भरून देईन?"

प्रतीक्षाताई सुपाजवळ बसल्या आणि तुरीतले खडे वेचू लागल्या.

आता माझे केस झडू लागलेत. आज चिखलीत एका दुकानाच्या फुटलेल्या कुलपाशी आलोय. पेटी अजून उघडलीसुद्धा नाही, तोच आतून मालकाचा आवाज येतोय, "म्याडम, आमचा डाउट त्या हमालावर हाये."

अहो, थांबा ना जरा. मला आधी भुकटीत तरी बुडू द्या.