कार्डावरचा रिकामा चौकोन

चर्चच्या तळघरात बैठक चालली होती. "यंदा मुलींच्या सॉफ्टबॉलला कोच कोण?" असं विचारल्याबरोबर सगळे बाप आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी नेमका कॉफी घ्यायला उठलो होतो. उभा दिसलो म्हणून माझं नाव लिहिलं. याला चार वर्षं झाली, अजून सुटका नाही.

चांगला कोच कसा असावा यावर आमच्या गावात प्रत्येकाकडे मत आहे, वेळ कोणाकडेच नाही. मी आपल्या परीनं दोन नियम केले. पहिला, माझी मुलगी टेसा मैदानावर मला डॅड म्हणणार नाही, कोच म्हणेल. उगाच पक्षपाताचा बोभाटा नको. दुसरा, चेंडू कुठला टाकायचा ते मी ठरवणार. पालथ्या बादलीवर बसून मी तीन आकडे ओरडतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि कॅचर, म्हणजे तो झेलणारी, मनगटाच्या पट्ट्यातल्या कार्डात तो आकडा शोधतात आणि तिथल्या चौकोनात लिहिलेला चेंडू टाकला जातो. कार्ड मी घरी छापतो. शेवटचा चौकोन, दोन-पाच-पाच, मी रिकामाच ठेवतो. बारा वर्षांच्या पोरींना येऊन येऊन किती प्रकार येणार!

त्या शनिवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकलो तर राज्याच्या स्पर्धेला जाणार. गाड्यांच्या काचांवर पोरींची नावं रंगवलेली. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, आणि आमची पिचर टेसा सकाळपासून सलग तिसऱ्या सामन्यात चेंडू टाकत होती. प्रत्येक चेंडूनंतर ती खांदा झटकत होती. ते मला दिसत होतं. तिसऱ्या डावापासूनच दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

दुसरी पिचर लिव्ही. गुणी पोर, पण तिचे चेंडू कॅचरला चुकवून कुंपणाला भेटून येतात. जाळीमागून तिकीट काढल्यासारखा कर्टिस ओरडत होता. हा आमच्या कॅचरचा, जोरीचा बाप.

"कोच, टेसाला काढलंस ना, तर घरी चालत जा. माझ्या गाडीत जागा नाही."

सगळे हसले. इकडे आड, तिकडे विहीर. मी पंचांकडून वेळ मागून मैदानात गेलो. जोरीही आली.

"हात कसा आहे गं?"

"बरा आहे, कोच."

"दुखतोय?"

"नाही, कोच."

तिचा मनगटाचा पट्टा घामानं फिरला होता. तो सरळ करायला गेलो तर शेवटच्या चौकोनात निळ्या शाईत बारीक अक्षरं दिसली. 'आता थांबू?'

मी जोरीचं मनगट धरलं. तिथेही तेच.

"हे कधीपासून?"

टेसा पट्टा परत फिरवायला लागली. जोरीच म्हणाली, "मे महिन्यापासून. कार्ड बदललं की परत लिहितो आम्ही. वाटलं, कधीतरी चुकून तुम्ही तोच आकडा ओरडाल."

जुलै संपत आला होता. मैदानावर कोचला सांगायची सोय नाही. घरी जाऊन बापाला सांगावं, तर तो मागच्या अंगणात तीच बादली घेऊन बसलेला. माझ्या पोरीला मी दोन्हीकडून कोंडलं होतं आणि त्याला मी शिस्त म्हणत होतो.

पंच म्हणाले, "चला, आटपा."

मी बादलीवर येऊन बसलो. कर्टिसनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! ठेवलीस ना!"

मी ओरडलो, "दोन-पाच-पाच."

टेसानं कार्ड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझी चूक तर झाली नाही ना म्हणून. मी परत ओरडलो. तिनं चेंडू लिव्हीच्या हातात दिला आणि चालत आली.

आम्ही एका धावेनं हरलो. कर्टिस खरंच मला न घेता गेला.

"डॅड, बर्फ आहे का?" टेसानं विचारलं.

मी तिच्या खांद्यावर बर्फ धरून बसलो. मे ते जुलै, अठ्ठावीस सामने. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.