पाणी जायलाच हवं

भरतीचं पाणी आमच्या गल्लीत किती वेळा शिरतं, ते आता कोणी मोजत नाही. सेमारांग शहराच्या या उत्तर टोकाला जमीन खचत चाललीय आणि समुद्र काही मागे हटायला तयार नाही. ज्याची ऐपत आहे तो घराचं जोतं उंच करतो, ज्याची नाही तो निदान खाट उंच करतो. पण त्या खेपेला पाणी हलायचं नावच घेईना. शेवटी ओसरलं तेव्हा घराघरातल्या चादरी, गाद्यांच्या खोळी, मुलांचे गणवेश, नमाजाचे पांढरे झगे, सगळं काळ्या चिखलात बुचकळून काढल्यासारखं झालं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी आमची मशीन अडून बसली.

आमची म्हणजे गल्लीतल्या बायकांची. भिशीतून घेतलेली. दोन टपांची, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. मशिदीशेजारच्या विहिरीपाशी, पत्र्याच्या शेडखाली ती असते. भरती आली की आम्ही चौघीजणी तिला उचलून मशिदीच्या ओट्यावर ठेवतो आणि पाणी उतरलं की परत जागेवर आणतो.

ही मशीन घ्यायची कल्पना बुदे रुमियातीची. बुदे म्हणजे मावशी. ती नात्याने कोणाचीच मावशी नाही, पण सगळी गल्ली तिला बुदेच म्हणते. उभा जन्म तिने वर टेकडीवरच्या बंगल्यांतले कपडे हाताने धुतले आणि त्यात तिची मनगटं कामातून गेली. भिशीच्या बैठकीत ती म्हणाली होती, "माझे हात गेले ते गेले. तुमचे जायला नकोत." 

तर त्या दिवशी पहिला घाणा धुऊन झाला. मी बटण पाणी सोडायच्या खुणेवर फिरवलं. काहीच झालं नाही. करड्या रंगाचं फेसाळ पाणी टपात तसंच डुलत राहिलं. पुन्हा फिरवलं. मग मशीनला एक चापट मारून पाहिली. शेवटी मगाने पाणी उपसून काढलं. मागे बायका चिखलाच्या बादल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले.

तेवढ्यात पाक सुगियार्तो आले; आमच्याकडे मोठ्या पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला बू. ते आमचे गल्लीप्रमुख. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांचं अंगण गल्लीत सगळ्यात उंच. नुकतीच त्यांनी गाडी घेतली होती, आणि ती अंगणात चढावी म्हणून गटारावर सिमेंटचा उतार बांधून घेतला होता.

"संपली वाटतं," मशीनकडे बघत ते म्हणाले. "मी माणूस पाठवतो बघायला."

त्यांनी पाठवलेला माणूस आला. त्याने बटण दोनदा फिरवलं, मशीन उघडलीसुद्धा नाही, आणि म्हणाला, "हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही." हे सांगतानाही तो बघत होता पाक सुगियार्तोंकडेच.

"ऐकलंत ना?" पाक म्हणाले. "शनिवारी भंगारवाला येतो. त्याला सांगून ठेवतो. शेडही मोकळी होईल."

"मोकळी कोणासाठी?" बुदेने विचारलं.

"जागा सार्वजनिक आहे, बू."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या गाडीची नाही."

बायका पदराआड हसल्या म्हणावं, तर आमच्याकडे पदर नसतो. ओढणीआड हसल्या. पाक सुगियार्तोंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शनिवारी," एवढंच म्हणून ते गेले.

बुदे माझ्याकडे वळली. "तितिक, तुझ्याकडे स्क्रू पिळायचं काहीतरी असेल."

"आहे. पण बुदे, मला यातलं काही कळत नाही."

"मलाही नाही. त्या माणसाला तरी कुठे कळत होतं? आपण निदान उघडून बघू."

आम्ही वायर काढली आणि मशीन भिंतीपासून पुढे ओढली. मागचे स्क्रू खाऱ्या पाण्याने गंजून गेले होते. खोबरेल तेल सोडलं, वाट पाहिली, मग बुदेने सांगायचं आणि मी पिळायचं असं चाललं. एकाची खाचच झिजली. तो मी पक्कडीने उपटून काढला. पत्रा निघाला तेव्हा आतून असा वास आला की पुढच्या दोघी मागे सरकल्या.

आत बघितलं तर भानगड साधी होती. वरच्या बटणापासून खाली एक पट्टी जाते. बटण फिरवलं की ती तळाचं रबरी बूच वर ओढते आणि पाणी जातं. ती पट्टीच तुटून लोंबत होती. बूच उघडलं, तर त्याच्याभोवती केसांचा, दोऱ्यांचा गोळा, एक शर्टाचं बटण आणि कोणाच्या तरी लेकराचा मोजा.

"हा माझ्याकडचा," रांगेतली एकजण म्हणाली. "ईदपासून शोधतेय."

पट्टीच्या जागी आम्ही सुतळी बांधली. पहिल्याच ओढीला तुटली. मग मी घरी जाऊन नवऱ्याच्या मासेमारीची नायलॉनची दोरी आणली, दुहेरी केली, घट्ट गाठ मारली. बूच बसवताना स्प्रिंग उलटी बसली, त्यामुळे टपात ओतलेलं पाणी थांबेचना, सरळ आमच्या पायांवर. बायका हसायला लागल्या. "आधी जात नव्हतं, आता राहत नाही," मोजेवाली म्हणाली. बुदेलाही हसू आलं. मी परत सगळं उघडलं, स्प्रिंग सरळ केली, पुन्हा बसवलं.

पाणी भरलं. थांबलं. बटण फिरवलं. खालून गुडगुड आवाज आला आणि पाणी उतरायला लागलं. टाळ्या पडायच्या बेतात होत्या, पण टप अर्धा झाला आणि पाणी थबकलं. जरा वेळाने मशीनच्या गटारात सोडलेल्या पाइपच्या तोंडातून काळा फेस उलटा वर आला.

मला रडू यायचं बाकी होतं. सकाळपासून मांडी घालून तिथेच बसलेली. म्हटलं, "बुदे, देऊन टाकू भंगारात."

 बुदेने पाइपचं तोंड गटारातून उचललं आणि खाली एका बुटक्या तसराळ्यात धरलं. भसकन पाणी आलं. तसराळं भरलं, दुसरं लावलं, तेही भरलं. टप तळापर्यंत रिकामा झाला.

"मशीन चांगली आहे," बुदे म्हणाली. "पाणी जायला जागा नाही."

मग आम्ही गटार बघितलं. रोज त्याच्या कडेने चालतो, पण असं कधी बघितलं नव्हतं. ते काठोकाठ भरलेलं, हलत नव्हतं. आम्ही त्याच्या कडेकडेने खाली चालत गेलो. पाक सुगियार्तोंच्या उतारापर्यंत तुडुंब. उताराच्या पलीकडे गटाराचा तळ कोरडा, आणि त्यात एक मांजर झोपलेलं. उतार बांधताना त्यांनी खालून पाणी जायला दंडाएवढा जाड पाइप टाकला होता. तो भरतीच्या गाळाने गच्च बसला होता. म्हणजे त्यांच्या अंगणात गाडी चढत होती आणि आमच्या घरांत ओसरायचं पाणी तसंच मुरत होतं. त्या खेपेला पाणी का उतरत नव्हतं, ते तिथे उभ्या उभ्या आम्हाला कळलं. 

आम्ही फाटकाची कडी वाजवली. पाक बाहेर आले.

"पाक, तुमच्या उताराखालचा पाइप तुंबलाय," बुदे सरळ म्हणाली.

"तुमच्या मशीनच्या फेसाने तुंबला असेल."

"फेसाचा कधी दगड होतो का? गाळ आहे. काढायला हवा."

"बघू. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

"कपडे आज ओले आहेत."

"बू, तुम्ही समजूतदार बाई आहात. प्रत्येक गोष्टीला पद्धत असते."

"हा उतार बांधताना कुठली बैठक झाली होती?"

पाकनी फाटक लावून घेतलं. जोरात नाही, सभ्यपणे लावलं. त्याचा जास्त राग आला.

आम्ही एक बांबू आणला आणि पाइपात खुपसला. हातभर गेला, मग अडकला, मग आतच मोडला. पाक आतून म्हणाले, "झालं समाधान? आता त्यात बांबू पण." आणि गुंडी लावत, टोपी घालत ते दुपारच्या नमाजाला निघून गेले.

बुदे उताराच्या कडेला उभी राहिली. "फोडायचा," ती म्हणाली.

"कशाने?" मी विचारलं. आमच्याकडे हातोडीपलीकडे काही नव्हतं.

तेव्हा फाटक पुन्हा उघडलं. पाकची बायको, बू लस्मिनी, बाहेर आल्या. त्या याच गल्लीत वाढलेल्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईचं घर गटाराच्या तुंबलेल्या बाजूला आहे आणि त्या आईच्या चुलीपर्यंत पाणी चढलं होतं. बू लस्मिनींच्या हातात लोखंडी पहार होती. त्यांनी ती उतारावर आडवी ठेवली.

"पेरूच्या झाडाखाली खणायला काढली होती," कोणाकडे न बघता त्या म्हणाल्या. "जड आहे बाई. परत आत न्यायची ताकद नाही माझ्यात. इथेच राहू दे." आणि आत गेल्या.

पहिला घाव बुदेने घातला. सिमेंटवर पांढरा ओरखडा उठला, तेवढाच. तिचं मनगट कळवळलं, ते मला दिसलं, पण तिने दुसरा घाव घातला. मग मी पहार घेतली. मग मोजेवालीने. कोणी पहार मारायची, कोणी ढेकळं उचलून बाजूला टाकायची. कोणीतरी तळलेलं तेम्पे, आमच्या सोयाबीनच्या वड्या, आणि गोड चहा आणून कठड्यावर ठेवला. लपवाछपवी काही नव्हती. भर दुपार, गल्लीच्या दोन्ही टोकांचे लोक बघताहेत. नमाजाहून परतणारे पुरुषही थांबले. त्यांतल्या काहींनी बाह्या सरसावल्या तेव्हा बुदे म्हणाली, "बाजूला उभे राहा. तुम्ही हात लावलात तर भांडण पुरुषांचं होईल, आणि मग ते महिनोन्महिने चालेल."

पाक सुगियार्तो आले तोवर पाइप उघडा पडला होता.

"थांबा. ताबडतोब थांबा. ही माझी मालमत्ता आहे. मी पोलिसांना बोलावीन."

बुदे पहार खाली ठेवून फुटक्या उतारावर बसली, पाय गटारात सोडून. "बोलवा," ती म्हणाली. "त्यांचेही गणवेश चिखलाने भरले असतील. धुऊन देऊ."

"तुम्हाला लाज वाटत नाही, बू? या वयात?"

"वाटते ना. चाळीस घरांनी इतके दिवस पाण्यात स्वयंपाक केला आणि आम्ही नशिबाला बोल लावत बसलो, त्याची लाज वाटते. तितिक, उचल पहार."

मी उचलली.  पाकच्या डोळ्यांत बघून मी घाव घातला आणि पाइपचा टवका उडाला. मोडका बांबू बाहेर आला, त्याच्यामागे काळा गाळ, आणि मग पाणी. आधी दचकत आल्यासारखं, मग सगळं एकदम. पलीकडचं मांजर उडी मारून भिंतीवर गेलं. आमच्या बाजूची पातळी डोळ्यांदेखत खाली जायला लागली. वर शेडपाशी टप पुन्हा भरून, पाइप गटारात सोडून उभी असलेली एकजण ओरडून म्हणाली, "टप रिकामा झाला."

संध्याकाळपर्यंत आम्ही धुतच होतो. दोऱ्या पुरल्या नाहीत, तेव्हा कुंपणं वापरली, मशिदीचा कठडा वापरला.

हे इथेच मिटलं नाही. पाकनी बैठक बोलावली आणि बुदेने सर्वांसमोर माफी मागावी असं म्हटलं. बुदे उठून उभी राहिली. "मागते माफी," ती म्हणाली. "फक्त कशाबद्दल, ते तुम्ही सगळ्यांना नीट सांगा. गटारापासून सुरुवात करा." पाकनी कागद चाळले, घसा साफ केला. कोपऱ्यात बू लस्मिनी आईला शेजारी घेऊन बसल्या होत्या, नवऱ्याकडे एकटक बघत. पाकनी दिव्यांच्या बिलाचा विषय काढला.

त्यांची गाडी बरेच दिवस अंगणातच अडकून पडली. अखेर त्यांनी उताराच्या जागी लोखंडी जाळी बसवून घेतली, वर उचलता येते अशी. पण माणूस काही बदलला नाही. प्रमुखपद अजून त्यांच्याकडेच आहे, आणि बुदे समोरून आली की ते रस्ता ओलांडतात. शेड विनापरवाना आहे, काढून टाकावी, अशी नोटीसही त्यांनी शेडच्या खांबाला भल्या मोठ्या खिळ्याने ठोकली. मी ती वाचून दाखवली, तेव्हा बुदेने शांतपणे ऐकून घेतली.

"खिळा मजबूत आहे का बघ," ती म्हणाली.

मी हलवून पाहिला. मजबूत होता. तिने त्याला दोरीचं एक टोक बांधलं, दुसरं विहिरीच्या खांबाला, आणि ओल्या चादरी त्यावर पसरायला घेतल्या.