बेचाळिसावी खूण

मावशीने किल्ल्यांचा जुडगा हातभर उंच धरला आणि नव्याकोऱ्या गिटारच्या पाठीवर सोडून दिला. खळ्ळकन आवाज झाला. तिने वाकून पाहिलं, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि जुडगा पुन्हा उचलला.

"अहो, निदान माझ्यादेखत तरी नको," दारात उभा असलेला रंगारी म्हणाला. "तीन आठवडे रंगाचे हातावर हात चढवलेत मी तिच्यावर. पोटच्या पोरीला नटवूनथटवून पाठवावं, आणि सासूने उंबऱ्यातच..."

"सासूच आहे मी. सरक, उजेड अडवतोयस."

गिटारींच्या त्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. फोरमनपासून खोकी बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची ती मावशी होती, आणि सख्खं भाचरू मात्र एकही नव्हतं. तिचं काम नव्या गिटारी जुन्या करण्याचं. पुष्कळ गिऱ्हाइकांना गिटार कोरी नको असते. ती कुणीतरी वीस-तीस वर्षं वाजवल्यासारखी दिसायला हवी असते. "म्हाताऱ्या माणसाला कुणी बसायला खुर्ची देत नाही, पण गिटार मात्र म्हातारी लागते," असं रंगारी म्हणायचा. कामात धूळ उडते, सॉल्व्हंटचा वास सुटतो, म्हणून तिची खोली वेगळी होती. तिन्ही बाजूंनी भिंती आणि कारखान्याच्या बाजूला काच. बाहेरच्यांची तोंडं हलताना दिसत, शब्द पोचत नसत. दुपारचा डबाही ती तिथेच खायची. सुरुवातीला कुणी कुणी बोलवायला यायचं. पुढे त्यांनाही सवय झाली, तिलाही.

या वेळचं काम मोठं होतं. एका नावाजलेल्या रॉक वादकाच्या गिटारच्या दीडशे प्रती काढायच्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर, खुंट्यांपाशी, त्याची सही आणि अंगावर मूळ गिटारच्या सगळ्या खुणा. ती मूळ गिटार दहा दिवसांसाठी कारखान्यात आली होती आणि मावशीच्या टेबलावर जाड कापडावर निजली होती. मधाच्या रंगाची, अर्धपोकळ. म्हणजे पोटात मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा आणि दोन्ही कुशी रिकाम्या. अशी गिटार विजेला जोडली नाही तरी अगदीच मुकी नसते. तार छेडली की लाकूड आतल्या आत गुणगुणतं.

मावशीची एक पद्धत होती. ती मूळ गिटारवर पारदर्शक कागद ठेवून एकेक खूण उतरवून घ्यायची आणि तिला आकडा द्यायची. पण खूण कशाने झाली हे कळल्याशिवाय तिच्यावर हत्यार चालवायची नाही. पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा बकलानेच काढायचा, कोपराने झिजलेला रंग कापडात गुंडाळलेल्या मुठीनेच झिजवायचा. फोरमन चिडायचा. दुसऱ्या कारखान्यात हेच काम यंत्र तासाभरात करतं, हे तो महिन्यातून दोनदा तरी ऐकवायचा. मावशी हो म्हणायची आणि मूठ चालवत राहायची.

आठव्या दिवशी एकेचाळीस खुणा झाल्या. सगळ्यांचं कूळ तिला सापडलं होतं. हा माणूस उजव्या हातात अंगठी घालायचा, मग कधीतरी घालायचा थांबला. गिटार भिंतीला टेकवून ठेवायची त्याला खोड होती, आणि भिंत खरबरीत होती. तारांच्या टोकाला सिगारेट खोचून ठेवायचा, तिथे डोक्यावर काळा डाग होता. त्याचं गाणं मावशीने एकही ऐकलं नव्हतं, पण त्याच्या घरात शिरून आल्यासारखं तिला वाटत होतं.

मूळ गिटारची कड पुसताना तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. मानेजवळच्या वरच्या खांद्याला, जिथे काठाला पांढरी प्लॅस्टिकची पट्टी असते तिथे, बारीक खळगे होते. पाच-सहा, ओळीने. समोरून काढलेल्या फोटोत ते दिसणं शक्य नव्हतं. मागच्या कडेलाही तसेच, थोडे लहान. शिकंज्यात धरली असेल, असं तिला आधी वाटलं. पण शिकंजा सरळ रेघेत चावतो, आणि ही रेघ वळलेली होती. तिने मेणाची गोळी हाताच्या उबेवर मऊ केली, तिथे दाबली आणि अलगद सोडवून उजेडात धरली.

"काय सापडलं?" रंगाऱ्याने मान आत घातली.

"दात."

"दात? माणसाचे?" त्याने मेण हातात घेऊन पाहिलं आणि हसला. "खातो की काय गिटार? खात असेल. हल्ली हवा गेलीय त्याच्या डोक्यात. माझा मेहुणा गेला होता कार्यक्रमाला. मागून एवढ्या हाका मारल्या, पण या शहाण्याने मान वळवली नाही."

मावशी हसली नाही. तिने मेण त्याच्या हातातून काढून घेतलं.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली.

"यात बोलण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच."

तो खांदे उडवून गेला. मावशी स्टुलावर बसून राहिली.

तिचे वडील शेवटच्या वर्षांत रेडिओजवळ खुर्ची ओढून बसत. लाकडी फूटपट्टीचं एक टोक रेडिओच्या पेटीवर टेकवायचे आणि दुसरं दातांत धरायचे. डोळे मिटलेले, लाळ हनुवटीवर आलेली. कानांनी कधीच दगा दिला होता, पण हाडांतून काहीतरी पोचायचं. बातम्या नाहीत, शब्द नाहीत, गाण्याचा ठेका तेवढा. एकदा घरी चार माणसं आली होती. त्यांच्यातली दोघं एकमेकांकडे बघून हसली. ती गेल्यावर मावशीने फूटपट्टी उचलून कपाटात ठेवली. "बाबा, शोभत नाही हो. लोक बघतात." त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण कळलं होतं. त्यांनी फूटपट्टी पुन्हा मागितली नाही. पुढचं दीड वर्ष खुर्ची खिडकीजवळ असायची.

संध्याकाळी फोरमन खुणांची यादी न्यायला आला. जाडजूड माणूस, सदैव घाईत असायचा.

"किती झाल्या?"

"एकेचाळीस."

"सगळ्या? बघा हं मावशी. परवा तो स्वतः येतोय मंजुरी द्यायला. गेल्या खेपेला दुसऱ्या कारखान्याचा नमुना त्याने एका सिगारेटच्या डागावरून परत पाठवला. आपला परत आला तर वरचे लोक यंत्र आणायला टपलेच आहेत. मग ही खोली माझ्या हातात राहायची नाही."

"एकेचाळीस," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर तिने मेणाची गोळी पुन्हा मळली, ठसा पार मोडेपर्यंत. तिला नोकरीची भीती नव्हती असं नाही. या खोलीबाहेर तिला कुणी मावशी म्हणणारं नव्हतं. तरीही ती गोळी मळत राहिली.

वादक तिसऱ्या दिवशी दुपारी आला. फोटोत दिसतो त्यापेक्षा बुटका, केस पांढरे, अंगात साधा स्वेटर. सगळं खातं हातातली कामं टाकून भोवती जमलं. त्याने नमुन्याची गिटार गळ्यात अडकवली, आवाज वाढवणाऱ्या यंत्राला जोडली आणि दणदणीत वाजवली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोरमन त्याच्या मागे उभा होता, त्याने विचारलं, "आवाज पसंत आहे ना?" वादकाने वळून पाहिलं नाही. रंगाऱ्याने मावशीकडे बघून भुवया उडवल्या, बघा, सांगितलं नव्हतं? मावशीने नजर दुसरीकडे वळवली.

फोरमन वळसा घालून समोर आला आणि पुन्हा तेच विचारलं.

"आवाज ठीक आहे," वादक म्हणाला. "खुणा बघायच्यात. ज्यांनी केल्या त्यांच्याबरोबर. दुसरं कुणी नको."

मावशीच्या खोलीत दोन्ही गिटारी शेजारी शेजारी ठेवल्या. मंजुरीचा कागद फोरमनने टेबलावर ठेवला आणि नाइलाजाने बाहेर गेला. काचेपलीकडून तो आत बघत उभा राहिला.

"ही कोपराची," वादक मोठ्याने बोलत होता, खोली रिकामी असल्यासारखा. एक बोट मूळ गिटारवर, एक नमुन्यावर. "ही बकलाची. सिगारेट मी सोडली, डाग काही मला सोडत नाही. ही अंगठीची... ही तुम्हाला कशी दिसली? मलाही माहीत नव्हती."

मग त्याचा अंगठा नमुन्याच्या वरच्या खांद्याकडे गेला आणि थांबला. थोडा वर, थोडा खाली. पट्टी गुळगुळीत होती.

"इथलं राहिलं."

मावशीने मान खाली घातली होती. "राहिलं नाही," ती पुटपुटली.

तो तिच्याकडे बघत वाट पाहत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने मान वर केली, खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"राहिलं नाही. मी घेतलं नाही."

तो बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, शब्द संपल्यावरही.

"म्हणजे कळलं तुम्हाला."

तिने मान हलवली.

"कुणाला सांगितलंत?"

"दात आहेत हे एकाला कळलंय. कशासाठी, ते नाही. त्याला वाटतं, तुम्हाला गर्व झालाय."

तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत. "ते बरं आहे. गर्विष्ठ माणसाला कार्यक्रम मिळतात." मग त्याने विचारलं, "का नाही घेतलंत?"

बाबांचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती गोष्ट सांगितली की आपण चांगल्या ठरू, असं तिला वाटेना.

"दीडशे लोक त्याच्यावर बोट फिरवणार," ती म्हणाली. "चारचौघांत हसणार."

"मी वाटभर हाच विचार करत आलो. विचारलं तर काय सांगायचं? म्हटलं, सांगू, कुत्रं चावलं." त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदावर, एकेचाळीस या आकड्याखाली, सही केली. बाहेर फोरमनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला काचेतून दिसला.

मावशीला वाटलं, आता तो उठेल. पण तो नमुन्याची गिटार मांडीवर घेऊन बसला.

"जुनी आता माझ्याकडे परत येणार नाही. ती काचेच्या कपाटात ठेवणार आहेत, तसा करारच आहे. मी ही नेणार." त्याने अंगठ्याने पट्टी चाचपली. "लोकांना आवाजाच्या यंत्राला जोडलेलं हवं असतं, त्यातलं मला आता काही उरलं नाही. हात आपोआप चालतात. घरी मी नुसती धरतो. त्या जागी टेकलं की अजून थोडं पोचतं. इथे ती जागा सापडत नाही हो. घसरतं."

"होईल ती. वापरून वापरून."

"तिला सहा वर्षं लागली," तो म्हणाला. "तोवर मला हे थोडंही पोचणार नाही."

मावशी उठली. चहाची किटली तापवली, वाफेवर कापड धरलं, पिळलं आणि गरम गरमच पट्टीवर गुंडाळलं. शंभरपर्यंत आकडे मोजले. कापड काढून नखाने दाबून पाहिलं. प्लॅस्टिक किंचित बसलं. दीडशे खळगे ती कानसेने पाडू शकली असती, पण हा एक नाही.

ती त्याच्यासमोर आली. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुम्हालाच करावं लागेल. दात टेकवा. जोर लावू नका, नुसतं धरून ठेवा. गार होईपर्यंत."

त्याने एकदा काचेकडे पाहिलं. बाहेर फोरमन होता, रंगारी होता, आणखी दोघं-तिघं रेंगाळत होते. मावशीने स्टूल उचललं, तो आणि काच यांच्या मधोमध ठेवलं, आणि बाहेरच्यांकडे पाठ करून बसली. ती अंगाने रुंद होती, पाठही रुंद होती.

तो वाकला. पांढरे केस पुढे आले. दोन्ही हातांनी त्याने गिटारचं अंग पोटाशी धरलं होतं, जागा हलू नये म्हणून. थोड्या वेळाने त्याने एक बोट सोडवलं आणि तारांकडे दाखवलं.

तेवीस वर्षांत मावशीने शेकडो गिटारी म्हाताऱ्या केल्या होत्या, वाजवली एकही नव्हती. तिने हात एप्रनला पुसला आणि सगळ्यांत जाड तार अंगठ्याने ओढून सोडली. खोलीत फार काही झालं नाही. एक जाडसर गुणगुण, लाकडातल्या लाकडात. त्याचे डोळे मिटले. भुवया आधी आक्रसल्या, मग सैल झाल्या.

आवाज विरत आला तसं त्याचं बोट पुन्हा उचललं गेलं. तिने पुन्हा तार ओढली. मग तिसऱ्यांदा, बोटाची वाट न बघता.

मागे काचेवर फोरमनने टकटक केली. ती एकट्या मावशीलाच ऐकू आली. तिने मान वळवली नाही. तार पुरती थांबेपर्यंत ती थांबली आणि पुन्हा छेडली.