रिकामं फोल्डर

काकासाहेबानं गजाच्या पहिल्याच फटक्यात माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. शेंद्र्याची त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर हा बाबा आमच्या कारखान्याचा मजूर ठेकेदार झाला होता. काल भरदुपारी गेटवर याच गजानं त्यानं पुंजाराम या मजुराला ठेचून मारलं. का, तर पुंजारामनं मजुरांची संघटना काढली. पाहणाऱ्या सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. उरला होता फक्त कॅमेरा, आणि कॅमेऱ्यांचं काम माझ्याकडे.

"एका हातानं बी पुसता येतं, दमयंती," तो म्हणाला. "कालचं चित्रण काढ."

कॅमेऱ्यांच्या सर्व्हरला माऊस नाही. काळा पडदा, त्यावर टाइप करायचं. 'सीडी' टाइप करत मी एकेका फोल्डरमध्ये शिरले, गेटच्या फोल्डरपर्यंत. 'एलएस' म्हटलं की आत काय आहे त्याची यादी येते. यादीत कालची तारीख होती.

त्यानं माझे केस धरून कपाळ टेबलावर आपटलं. "पूस."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्या मेल्याचा राग त्याहून जास्त होता. रक्त डोळ्यात उतरत असताना मी त्या फोल्डरचं नाव बदललं. नाव तेच, फक्त आधी एक टिंब. टिंबानं सुरू होणारं नाव ही यंत्रं साध्या यादीत दाखवत नाहीत. पुन्हा 'एलएस' केलं. तारीख गायब.

"परत दाखव."

परत दाखवलं.

"दिसत नाय म्हंजी नाय," तो खूश होऊन म्हणाला. जन्मभर तो याच भरवशावर जगला होता. मग त्यानं माझा उजवा हातही टेबलावर ठेवून ठेचला. "प्रेस मशीनमधी गेले म्हण. इथं रोजच जातेत."

दुसऱ्या दिवशी दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून मी फौजदाराला घेऊन आले. त्यानं पडद्यावरची यादी पाहिली, ती तारीख दिसली नाही म्हणून तो उठायला लागला. पुंजारामची बायको सरूबाई दारात उभी होती. मी तिला खुर्चीवर बसवलं. एकेक अक्षर मी सांगितलं, तिनं एका बोटानं दाबलं: 'एलएस', मोकळी जागा, आडवी रेघ, 'ए'. लपवलेलंही दाखव, असं यंत्राला सांगायची ही रीत.

टिंब लावलेली तारीख वर आली. फौजदारानं चित्रण आपल्या लॅपटॉपवर घेऊन लावलं. पुंजाराम पडला, उठला, पुन्हा पडला.

"बंद करायला सांगू का, सरूबाई?" मी विचारलं. मला बघवत नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "कोण कोण नुसतं उभं व्हतं, ते बघायचंय मला."