कठड्याकडे पाठ

"मांडीचा स्नायू आखडलाय म्हणून सांग. कोण तपासायला बसलंय?" मर्ल म्हणाली. तिच्या हातात ते पत्र होतं.

तिच्या नवऱ्याने, एग्बर्ट लायबर्डने, चहाचा कप खाली ठेवला. "हे कुठं मिळालं तुला?"

"बुटांच्या पॉलिशच्या डब्यात. तीन दिवस झाले, सारखा डबा उघडतोस आणि बूट आहेत तसेच मळके. मी काय आंधळी आहे?"

पत्राचं अक्षर वळणदार होतं, शाळामास्तरचं असावं तसं. एकही खाडाखोड नाही. सुरुवात 'प्रिय मिस्टर लायबर्ड' अशी. पुढे दोनच ओळी. शनिवारी क्रॅगपोर्टच्या मैदानात उतरलात तर परत घरी जाणार नाही. मी प्रेक्षकांच्या शेडमध्ये उभा असतो आणि माझ्याकडे बंदूक आहे.

"अशी पत्रं मला पहिल्यांदा येतायत का?" एग्बर्ट म्हणाला.

"ती क्लबवर यायची. हे आपल्या दारातून आत पडलंय. त्याला घर माहितीये आपलं!" तिचा आवाज चिरकला. "पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं आणि विचारलं, पुढच्या सामन्याची दोन तिकिटं मिळतील का."

मर्लला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. मग डोळे पुसून ती पुन्हा म्हणाली, "मांडी म्हण, एग्बर्ट. एकदाच."

"बघतो," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून निघाला. बसथांब्यापर्यंतच्या पाच मिनिटांत त्याने चारदा मागे वळून पाहिलं. शेवटच्या वेळी एक बाई बाबागाडी ढकलत येत होती, तिलाही तो दचकला.

सेंट किट्स बेट सोडून आईबापांबरोबर इंग्लंडला आला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. बाप हॅल्डनच्या ओतशाळेत लागला. पोरगा गिरणीमागच्या चिखलात फुटबॉल खेळायला शिकला आणि एकविसाव्या वर्षी हॅल्डन टाऊनच्या पहिल्या संघात उतरला. त्या संघात त्याच्याआधी कुणी काळा माणूस खेळलेला नव्हता. करारावर सही करताना मॅनेजर हेस्केथ म्हणाला होता, "पाय झकास आहेत तुझे. फक्त नोव्हेंबरची थंडी पडली की तुम्हा लोकांचं अवसान गळतं असं ऐकलंय. बघू." त्याला आता सहा वर्षं झाली होती. सहा नोव्हेंबर एग्बर्टने एकही सामना न चुकवता काढले होते. हॅल्डनचे लोक त्याला 'आमचा बर्टी' म्हणत. बाहेरगावच्या मैदानांवर माकडांचे आवाज निघत, केळी पडत. शिव्यांची माणसाला सवय होते. बंदुकीची होत नाही.

क्रॅगपोर्टच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला बुटाची नाडी बांधता येईना. शेवटी तो उठून हेस्केथजवळ गेला.

"बॉस, माझी मांडी..."

"काय झालं मांडीला?"

बाकावरचा राखीव खेळाडू ऐकत होता. त्याने लगेच कोटाची बटणं सोडायला घेतली. हेस्केथने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फाळ पाऊस सुरू झाला होता. मग त्याने एग्बर्टकडे पाहिलं. त्याच्या मनात सहा वर्षांपूर्वीचं कुठलं वाक्य आलंय ते एग्बर्टला लख्ख कळलं. ते वाक्य एकदा खरं ठरलं की फक्त एग्बर्टपुरतं राहणार नव्हतं. मागून येणाऱ्या प्रत्येक काळ्या पोराच्या कपाळी ते चिकटलं असतं.

"काही नाही," तो म्हणाला. "जरा आखडलीय. धावलं की सुटेल."

एग्बर्ट लेफ्ट बॅक होता, म्हणजे डाव्या बगलेचा बचावपटू. लेफ्ट बॅकचा सगळा संसार मैदानाच्या डाव्या रेषेलगत, आणि रेषेपासून दोन हातांवर प्रेक्षकांचा कठडा. पहिल्या अर्ध्यात त्याच्या बाजूला खुर्च्यांचा स्टँड होता. तिथून नुसत्या शिव्या आल्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तो शेडखाली आला. पत्र्याच्या छपराखाली आठ हजार माणसं उभी. खिशात असलेला प्रत्येक हात त्याला दिसत होता.

नकळत तो रेषा सोडून आत सरकू लागला. आधी चार पावलं, मग दहा. समोरच्या विंगरला, त्या बगलेने चढाई करणाऱ्याला, मोकळं रान मिळालं. त्याने त्याच वाटेने चेंडू नेला आणि क्रॅगपोर्टने गोल केला.

कप्तान क्रॉली चिखल उडवत धावत आला. "बर्टी! जागा कुठाय तुझी? मैदानाच्या मधोमध लग्न लावायला उभा आहेस का?"

एग्बर्टने मान हलवली आणि तो रेषेवर परत गेला.

पाच मिनिटांनी तिथेच चेंडू बाहेर गेला. थ्रो-इन हॅल्डनचा होता, म्हणजे एग्बर्टचा. चेंडू डोक्यामागे धरून, तोंड मैदानाकडे आणि पाठ कठड्याकडे करून उभं राहायचं. आजवर हजार वेळा केलेलं काम. आज त्याला आपली पाठ आडव्या मैदानाएवढी रुंद वाटली. माकडांचे आवाज वाढत चालले होते. आणि त्यातून, अगदी कानाजवळून, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मिस्टर लायबर्ड."

मानेवर काहीतरी आदळलं. गरम.

तो गुडघ्यांवर कोसळला आणि मग तोंडावर. गेलो, एवढंच त्याला वाटलं, आणि मर्लचा चेहरा काही केल्या आठवेना. हात मानेवर गेला. ओलं, उकळतं. त्याने बोटं डोळ्यांसमोर धरली. लाल नव्हतं. तपकिरी होतं. बाजूला कागदी पेला लोळत होता.

चहा होता.

अख्खी शेड हसत होती. एग्बर्ट हातांवर जोर देऊन उठू लागला आणि तेवढ्यात त्याला दुसरी ऊब कळली. मांड्यांवरून उतरणारी. हॅल्डनची चड्डी पांढरीशुभ्र असते. आता त्याला खरोखरच गोळी हवी होती. तो पोटाशी पाय घेऊन चिखलात पडून राहिला.

हॅल्डनचा म्हातारा ट्रेनर नॉर्मन बादली आणि स्पंज घेऊन लंगडत पळत आला. त्याने मान पाहिली. मग त्याची नजर खाली गेली आणि तशीच, कुठेही न अडखळता, वर आली. पुढच्या क्षणी त्याने बर्फासारख्या पाण्याची अख्खी बादली एग्बर्टच्या पोटावर उपडी केली.

"अहो, काय हे?" रेफ्री ओरडला. "चहा मानेवर पडलाय त्याच्या!"

"हात थरथरतो साहेब," नॉर्मन म्हणाला. "वय झालं."

मग तो स्पंज मानेला लावायला वाकला आणि ओठ न हलवता बोलू लागला. "लढाईत इटलीला होतो मी. माझी पँट तीनदा ओली झाली. आमच्या सार्जंटची चारदा. त्याला पदक मिळालं."

एग्बर्टचे दात वाजत होते. "मला वाटलं... बंदूक..."

"हं." नॉर्मनने स्पंज पिळला. "उठतोस की स्ट्रेचर मागवू? मागवलं तरी मी कुणाला हसू देणार नाही."

एग्बर्ट त्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत सगळा सारखाच भिजलेला. पोलिसाने शेडमधून एका माणसाला बखोट धरून बाहेर काढलं. पण पत्र लिहिणारा तोच, की 'मिस्टर लायबर्ड' म्हणणारा दुसराच कुणी, आणि तो अजून तिथेच उभा आहे का, हे एग्बर्टला कधीच कळलं नाही.

थ्रो-इन अजून त्याचाच होता. क्रॉलीने चेंडू मागितला. एग्बर्टने दिला नाही. तो रेषेवर गेला, वळला आणि कठड्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याने चेंडू फेकला तो थेट क्रॅगपोर्टच्या माणसाच्या पायात. उरलेली पस्तीस मिनिटं तो त्या रेषेवर खेळला, वाईट खेळला, आणखी पाचदा त्याच कठड्याकडे पाठ केली, आणि पाचही वेळा त्याला वाटलं की हे शेवटचं. शेवटी क्रॉलीने डोक्याने एक गोल मारला आणि सामना एक-एक असा सुटला.

अंघोळीच्या वाफेत क्रॉली बाजूला येऊन बसला. बराच वेळ साबण हातात फिरवत राहिला. "त्या बाजूचे थ्रो पुढच्या वेळी मी घेतो, हवं तर."

"नको," एग्बर्ट म्हणाला. "लेफ्ट बॅकचं काम आहे ते."

त्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या मिसेस पिकपकडे होता. स्टँडखालच्या फोनवरून त्याने नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मर्ल दोन वाजल्यापासून तिथे बसून होती.

"मी आहे," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "खारा मासा भिजत घातलाय. भात करू की कच्ची केळी उकडू?"

"केळी कर," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला.

बसमध्ये मागच्या बाजूला पत्त्यांचा डाव बसला. एग्बर्ट पुढे, खिडकीशी बसला. बाहेर अंधारलं होतं आणि पाऊस काचेवर तिरपा सरकत होता. नॉर्मन रिकामी बादली पायांत धरून त्याच्या शेजारी येऊन टेकला. गाव सुटायच्या आत म्हाताऱ्याचा डोळा लागला. वळणावर त्याचं डोकं कलंडलं आणि एग्बर्टच्या खांद्यावर, पोळलेल्या बाजूलाच, येऊन पडलं. त्याच्या लोकरी टोपीचा खरखरीत काठ मानेवरच्या फोडांवर घासत राहिला.

हॅल्डनला पोचायला दोन तास होते. एग्बर्ट ताठ बसून राहिला, जरासुद्धा हलला नाही.