कोरी नळी

सायलेन्सर तसूभरही हलेना. रायफलची नळी लाकडी ठोकळ्यांत धरून व्हाइसमध्ये आवळलेली होती, आट्यांवर तेल सोडून दोन दिवस झाले होते, आणि पट्ट्याचा पाना धरून बाबाजी घामाघूम झाला होता.

"काय रे, निघाला का नाय?" फोरमन कादिरने दारातून विचारलं.

"नाय, कादिरभाय. अजून जोर लावला तर नळीचे आटे जातील."

"मग दमानं घे. घाई कोणाला हाय? रायफलीचा मालक तर गेला वर."

कादिर खेडचा, बाबाजी कुडाळचा. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या बाहेरच्या या नेमबाजी क्लबात मराठी बोलणारे दोघेच. बाबाजी मूळचा टर्नर, पंप दुरुस्त करायला आलेला. क्लबातल्या जॉर्डनच्या म्हाताऱ्या कारागिराने त्याला रायफली खोलायला शिकवलं आणि तो इथलाच झाला. अठरा वर्षांत त्याने हजारो नळ्या साफ केल्या. गोळी मात्र एकदाही झाडली नाही. कामगारांना तशी परवानगीच नव्हती. पण कोण उतावळा, कोण आळशी, कोण रायफल ओलीच पेटीत टाकतो, हे त्याला माणूस न बघता कळायचं.

त्याने आट्यांवर गरम हवेचा झोत धरला, दहा मिनिटं थांबला आणि पुन्हा पाना लावला. किर्र आवाज झाला. सायलेन्सर सुटला.

आता आतली घाण बघायची, म्हणून त्याने जुनं वर्तमानपत्र पसरलं. या बारीक गोळीच्या रायफलीच्या सायलेन्सरमध्ये काजळी आणि शिसं इतकं साचतं, की आतल्या चकत्या ठोकून काढाव्या लागतात. ह्या चकत्या मात्र अलगद हातात आल्या. कागदावर पडली ती बारीक वाळू आणि वाळून खडखडीत झालेलं तेल. आटे धरले होते ते त्यामुळेच. काजळी बोटाला लागेल न लागेल एवढीच.

बाबाजी थबकला. त्याने नळीतून मागच्या बाजूने गज घालून चिंधी फिरवली. पहिली जुन्या तेलाने पिवळी आली, दुसरी जवळजवळ पांढरी. दिवा लावून आत पाहिलं तर गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या कडा कालच कापल्यासारख्या. रायफलीच्या परवान्यावर तर वीस वर्षांपूर्वीची तारीख होती! आणि लाकडी दस्ता हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, खांद्याचा पट्टा दोनदा शिवलेला. म्हणजे रायफल फिरली होती पुष्कळ. वाजली नव्हती.

"कादिरभाय, हा माणूस शिकारी नव्हता."

कादिरने नळीला डोळा लावला, चिंध्या पाहिल्या आणि आवाज खाली आणला. "त्याची पोरगी न्यायला येईल, सोबत तिचा काका. तू 'साफ केली, तेल दिलं' लिही, खलास. तुझा इथं राहायचा इकामा पुढल्या महिन्यात संपतोय ना? एका मेंबरनं तक्रार केली तर कफील पुढं सही करायचा नाय, मग जा घरी."

बाबाजीने तसं लिहिलं. पण ते कोडं काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची मुलगी अरवा आली. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. काळ्या नकाबातून फक्त डोळे दिसत होते. काकांनी आल्याआल्या दस्त्यावर थाप मारली.

"माझा भाऊ! वीस हिवाळे, एक गोळी वाया घालवली नाही. आता माझा मुलगा नेईल ही शिकारीला. काय रे, नळी झिजली असेल ना?"

कादिर खोकला.

"नाही, शेख," बाबाजी आपल्या मोडक्या अरबीत म्हणाला. "नळी चांगली आहे. फार चांगली."

"बघितलंस? जपली होती त्यानं!" काका खूश झाले आणि कागदांवर शिक्के घ्यायला ऑफिसकडे गेले.

अरवा हलली नाही. "फार चांगली म्हणजे किती?"

बाबाजीने ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग त्याने टेबलावर क्लबाची एक वापरून झिजलेली नळी ठेवली, तिच्या शेजारी ही ठेवली आणि छोटा दिवा अरवाच्या हातात दिला. तिने एकीत पाहिलं, दुसरीत पाहिलं. पुन्हा पहिलीत पाहिलं.

"किती गोळ्या झाडल्या असतील?"

"नक्की सांगता येत नाही, बाई. दहा. फार तर वीस."

ती स्टुलावर बसली. "बाबा दर थंडीत ससे आणायचे. सोललेले, धुतलेलेच. आई विचारायची, वाळवंटात धुवायला पाणी कुठून आणलं? म्हणायचे, शिकाऱ्याला असलं विचारू नये." तिचे खांदे हलले. हसते आहे की रडते आहे, बाबाजीला कळेना. बहुधा दोन्ही.

"एक्याण्णवच्या कुवेतच्या लढाईत ते इथेच सीमेवर होते," ती म्हणाली. "त्यावर कधी बोलले नाहीत. पण घरात फुगा फुटला तरी उठून बाहेर जायचे."

"म्हणून सायलेन्सर लावला असेल."

"आणि तोही पुरला नाही." तिने दस्त्यावरून बोट फिरवलं. "मग दिवसदिवस करत काय असतील तिथे?"

याचं उत्तर बाबाजीला कालपासून हवं होतं. त्याने पट्टा उचलून दाखवला. खांद्यावर टेकतो तिथे चामडं कागदासारखं पातळ झालं होतं.

"चालत असतील," तो म्हणाला. "खूप चालत असतील."

काका शिक्के मारलेले कागद घेऊन आले. अरवा उठली. "काका, ही कुणी शिकारीला न्यायची नाही. माझ्याकडे राहील."

"का गं?"

"बाबा जशी वापरायचे तशी दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

काका क्षणभर विचारात पडले. मग त्यांचे डोळे भरून आले. "खरं आहे," ते म्हणाले. "तसा नेम कुणाचाच नव्हता."

बाबाजीने आट्यांना ग्रीसचं बोट लावून सायलेन्सर हाताने बसवला, सरळ बसल्याची खात्री केली आणि रायफल पेटीत ठेवली. अरवाने सही केली.  कादिरने बाबाजीपुढे चहाचा ग्लास सरकवला.

खिडकीतून आवार दिसत होतं. काकांनी गाडीची डिकी उघडून धरली होती. अरवाने नकारार्थी मान हलवली, मागचं दार उघडलं, पेटी सीटवर ठेवली आणि तिच्यावरून सीटबेल्ट ओढून लावला.