दोन गाड्या, मालक एकच

गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी आपली गाडी मागे घेताना माझ्या गाडीचं दार चेपलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत! सौदीतल्या ह्या अख्ख्या अल-खोबर शहरात धडकायला ह्यांना बायकोचीच गाडी सापडली.

"अगं, विमा आहे ना," हेमचंद्र म्हणाले आणि अपघाताची नोंद करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो येईपर्यंत हे मजेत उभे, आणि मी मात्र येरझाऱ्या घालतेय. रविवारपासून मला शेजारच्या दम्माम शहरातल्या एका शाळेत गणित शिकवायला जायचं होतं. इतकी वर्षं ह्यांच्या ड्युटीच्या वेळा बघून भाजीला जायचं, दवाखान्यात जायचं. आता कुठे माझं काहीतरी सुरू होत होतं, आणि ते गाडीवाचून होणार नव्हतं.

आलेला सौदी तरुण अगदी सभ्य होता. त्याने विचारलं, "ही गाडी कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"आणि ती?"

"माझी," हे म्हणाले.

त्याने दोन्ही गाड्यांची नोंदणी तपासली. दोन्हीकडे मालक हेमचंद्र. मग तो सावकाश समजावू लागला, की तुमचा विमा सगळ्यात स्वस्तातला आहे. तो दुसऱ्याचं नुकसान भरून देतो. तुम्ही स्वतःच्याच गाडीला धडकलात, तर भरपाई कोणाला द्यायची? "मॅडमच्या नावावर असती, तर पुढे बोलता आलं असतं. आता खलास."

तो गेला आणि माझा पारा चढला. गाडी घेतानाच मी म्हटलं होतं, माझ्या नावावर करू या. पण ह्यांनी सगळ्या कंपन्यांचे दर काढून माझ्यापुढे मांडले होते. ह्यांच्या नावाने विमा स्वस्त, कारण ह्यांचा आजवर अपघात नाही. माझ्या नावाने महाग, कारण माझ्या नावावर आधीचा विमा नाही, म्हणजे माझी नोंदच नाही. "कागदावर मी, पण गाडी तुझीच गं," असं म्हणून माझी समजूत घातली होती.

"अहो, नोंद नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून नोंद नाही," मी ओरडलेच. "मग माझी नोंद व्हायची कधी? मेल्यावर?"

"हळू बोल, लोक ऐकतायत. रविवारी माझी गाडी ने, मी टॅक्सीने जातो."

"तुमची नको मला. माझी मला द्या."

घरी आल्यावरही माझ्या येरझाऱ्या थांबेनात. शेवटी मीच फोन घेऊन बसले आणि माझ्या नावाने विमा काढला. आकडा बघून ह्यांनी कपाळाला हात लावला. राहिली फक्त मालकी. ती ह्यांनी स्वतःच्या फोनवरून, सरकारी ॲपमध्ये, माझ्या नावावर करायची होती.

"चेपलेल्या गाडीसाठी एवढे पैसे? श्यामला, जरा विचार कर."

"केलाय. तुम्ही बटण दाबा."

ह्यांचा अंगठा नुसता अधांतरी. ह्या माणसाने मला कधी काही कमी केलं नव्हतं, पण दिलेलं सगळं स्वतःच्या नावावर ठेवून दिलं होतं. तेवढ्यात अभ्यासातून मान वर करून आमची लेक आर्या म्हणाली, "पापा, जस्ट डू इट ना!"

ह्यांनी बटण दाबलं.

रविवारी सकाळी स्टीअरिंगच्या बाजूचं ते चेपलेलं दार काही उघडेना. मग काय, साडी आवरत मी पलीकडच्या दाराने शिरले आणि गियरवरून पाय टाकत कशीबशी स्टीअरिंगपाशी पोचले. "मम्मा, सब देख रहे हैं," मागे बसलेली आर्या तोंड लपवत पुटपुटली. बघू देत! मला तर हसू फुटत होतं.

हे माझी पर्स धरून खिडकीशी उभे होते. ती आत देताना जरा घुटमळले.

"शुक्रवारी मला ही गाडी लागली तर?"

"विचारा. बघू," मी म्हटलं आणि गाडी काढली.